शेवटचा अंतरा फार लांबतो

१९ जानेवारी, रविवार. अकोला

दिवाळीनंतर आज लिहितो आहे. माफी. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा माफी नक्की कोणाची मागतो आहे हा प्रश्न उरतोच. पण मागून ठेवलेली बरी.

कारणे: पेपर तपासणी. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन (सगळे दादाने केले, मी फोनवर होतो). थंडी. लिहून पाहिल्यावर एकही कारण टिकत नाही.

तर संकल्प. बाळापूरकडच्या खेड्यांतल्या गायन पार्ट्यांची गाणी रेकॉर्ड करायची. जयंतीला, लग्नाला, नामकरणाला भीमगीते म्हणणाऱ्या पार्ट्या. पेटी, ढोलकी, बेंजो. आता सगळीकडे डीजे आला. हे सगळे संपणार, असे मी स्टाफरूममध्ये दोन वर्षे सांगतो आहे. सांगताना वाईट वाटते, आणि वाईट वाटले की काम झाल्यासारखे वाटते. हे बंद.

नागपूरच्या कार्यशाळेतले एक वाक्य पाठ आहे: ज्या रेकॉर्डिंगवर नाव नाही ते अनाथ. कागद गहाळ होतात, फाइलींची नावे बदलतात. म्हणून प्रत्येक गाणे थांबले की संकलकाने लगेच आपल्या तोंडाने नाव आणि गाव बोलावे. ऐकताना अंगावर काटा आला होता. माझ्या हातून एकही गाणे अनाथ होणार नाही.

नीलमला फोन केला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता जिल्हा परिषदेत नोकरीला. तिची आजी केशरबाई निंभोऱ्याला असते, गाते. नीलम म्हणाली, या सर, पण आजी फाडकन बोलते, मनावर घेऊ नका. म्हटले, मी मनावर घेतच नाही.

घेतो. पण फोनवर काय सांगणार.

२ फेब्रुवारी, रविवार

निंभोरा झाले! ऑटोवाल्याने फाट्यावरच उतरवले, पुढे तुरीच्या कडेकडेने चालत गेलो.

केशरबाई सत्तरीच्या पुढे. उंच, ताठ. आवाज पत्र्यावर तूर ओतल्यासारखा. ढोलकीला पंजाबराव. ते आमच्यासारखेच माळी, सकाळी वांगी बाजारात पाठवतात आणि दुपारी केशरबाईंच्या पार्टीत वाजवतात. दोघांची जुनी जोडी. एकमेकांशी सतत भांडतात.

चहा हातात देता देता केशरबाई म्हणाल्या, ‘‘बाबाचे गाणे घ्याले आले ना तुमी? मंग आधी बाबाचं नाव लिवा.’’

लिहिले. देवमन तायडे. केशरबाईंचे वडील. दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, गाणी मनात रचायचे. लिहिता येत नव्हते. पार्टीतली सगळी गाणी त्यांचीच. फोटो आहे का विचारले. केशरबाई हसल्या. ‘‘फोटो नाई, सातबारा नाई. नाव हाय ते गान्यात हाय.’’

सुंदर वाक्य. नोंद केली.

पहिले गाणे:

पाटी घेतली पोरीनं, इळा खोसला कुडाले
नवी पालवी फुटली बाई, भीमाच्या या झाडाले

अडचण एकच. शेवटचा अंतरा फार लांबतो, असे पंजाबरावांनी आधीच सांगितले. तीच ओळ पुन्हा पुन्हा, हात वर करून, ऐकणाऱ्यांकडे बघत. माझ्याकडे मेमरी मर्यादित, एसटी शेवटची. म्हणून पद्धत ठरवली: मुखडा आणि दोन अंतरे. ते झाले की मी हात वर करतो, गाणे थांबते, मी नाव आणि गाव बोलतो, पुढचे गाणे. शास्त्रीय भाषेत याला नमुना म्हणतात.

पहिल्यांदा हात वर केला तेव्हा केशरबाई थांबल्याच नाहीत. लगेच दुसऱ्यांदा केला तेव्हा, ठेका बदलता बदलता, थांबल्या. म्हणाल्या, गाणं सरलं नाई अजून. मी नमुन्याची संकल्पना समजावून सांगितली. त्यांनी पंजाबरावांना विचारले, ‘‘नमुना काय अस्ते गा?’’

‘‘कापसाचा नाई का पाहात यापारी,’’ पंजाबराव म्हणाले. ‘‘गाडीतून मूठभर काढून.’’

‘‘मंग गाडीच्या बुडातूनबी मूठ घ्या लागते, सर. वरचा कापूस सगळेच साजरा ठेवतेत.’’

हेही वाक्य सुंदर. हेही नोंदवले. वेळ होत होता, पुढचे गाणे घेतले.

३ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजातून आल्यावर हेडफोन लावून सगळे ऐकले. आवाज स्वच्छ. प्रत्येक गाण्याच्या शेवटी माझा आवाज: ‘संकलन, प्राध्यापक किशोर मेहरे, निंभोरा.’ धीमा, भारदस्त. माझा आवाज इतका बरा आहे हे माहीत नव्हते. दोनदा ऐकला.

एक टोचणी आहे. गाणे पूर्ण होऊ द्यायला हवे होते का? पण तसे केले असते तर निम्मी गाणी राहिली असती. निम्म्या गाण्यांवर अन्याय की प्रत्येक गाण्याच्या शेपटीवर? रश्मीला विचारले. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, शेपूट तोडलेल्या पालीला विचारा.

रश्मी चांगली बायको आहे, पण संशोधनाची शिस्त तिला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरी फेरी. आज केशरबाई रुसल्यासारख्या. मी हात वर केला की त्या पंजाबरावांना म्हणत, ‘‘थांब बाप्पा, सरले एस्टी पकडाची हाय.’’ पंजाबराव ढोलकीवर थाप मारून म्हणत, ‘‘आपली पार्टी नाई राह्यली केशर, एस्टीचं ठेसन झालं.’’ दोघे हसत. मीही हसलो. विश्वास निर्माण होतो आहे.

निघताना त्यांनी विचारले, यात बाबाचं नाव येईन ना? म्हटले, अर्थातच, तेच तर माझे काम. त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं नाव तं आलं. म्या आयकलं.’’

एसटीत बसल्यावर हे थोडे खटकले. पण वाऱ्याने झोप लागली.

९ मार्च, रविवार

यूट्यूबवर चॅनल काढले. माझ्याच मेलवरून काढल्यामुळे चॅनलचे नाव आपोआप ‘किशोर मेहरे ऑफिशियल’ असे आले. ते बदलता येते म्हणतात. कसे ते कळले की बदलीन. मुखपृष्ठाला तात्पुरता माझा फोटो, कारण देवमनजींचा नाही.

गाण्याखाली देवमनजींची माहिती लिहायला बसलो आणि अडलो. जन्म कोणत्या साली? केशरबाई म्हणतात, मोठा पूर आला त्या साली. कोणता पूर? नीलम म्हणते, नक्की नाही सर. मग अशी अपुरी माहिती जगापुढे ठेवायची का? चुकीचे लिहिण्यापेक्षा न लिहिणे प्रामाणिक. शहानिशा झाली की एकदम सविस्तर टिपण देऊ. तूर्त जागा कोरी ठेवली.

सगळी गाणी चढवली. समाधान. शेजारच्या सोसायटीतून कोणी तरी पाटीचे गाणे लावलेले ऐकू आले. बाहेर जाऊन पाहिले तर रश्मीच होती, फोनवर, गच्चीत.

१५ मार्च, शनिवार

कमेंट्स येत आहेत! ‘सर खूप छान लिहिलं, जय भीम.’ ‘काय शब्द आहेत, डोळे पाणावले.’ ‘मेहरे सर, अशी अजून लिहा.’

यांना वाटते की गाणी मी लिहिली. गंमत. प्रत्येकाला वेगळा खुलासा करणे शक्य नाही, म्हणून सगळ्यांना हात जोडल्याचे चिन्ह पाठवले.

संध्याकाळी विचार आला: हात जोडणे म्हणजे होकार होतो का? मला वाटते, होत नाही. देवळात आपण हात जोडतो, म्हणजे देऊळ आपण बांधले असे होत नाही.

टिपणाचे काम लवकर उरकायला हवे.

२२ मार्च, शनिवार

नागसेन गवई नावाच्या गृहस्थांचा फोन. अकोल्यात जयंतीच्या आदल्या संध्याकाळी दर वर्षी गीतांचा कार्यक्रम घेतात. पाटीचे गाणे त्यांच्या वस्तीत घरोघरी वाजते आहे म्हणाले. यंदा गीतकार म्हणून माझा सत्कार करायचा आहे.

मी म्हटले, अहो, पण गीतकार मी...

ते म्हणाले, ‘‘सर, शेवटी नाव आयकलं ना आमी, तुमच्याच आवाजात. आपल्या गाण्यात कवीचं नाव शेवटीच येते. तुमी ते गाऊन नाही, बोलून घेतलं, ही नवीन स्टाईल आवडली आमाले.’’

फोन ठेवला.

शेवटचा अंतरा. तीच ओळ पुन्हा पुन्हा, हात वर करून. तो लांबतो, कारण त्यात नाव असते. प्रत्येक गाण्यात त्याच जागी मी हात वर केला आणि त्याच जागी स्वतःचे नाव बोललो.

संतकाव्यातली नाममुद्रा हा विषय मी वर्गात शिकवतो. गेल्या सत्रात पाच गुणांना विचारला होता. पोरांनी उत्तरे वाईट लिहिली म्हणून मी रागावलो होतो.

उद्या नागसेनजींना फोन करून सगळे स्पष्ट सांगणे.

२३ मार्च, रविवार

रविवारी कोणाला फोन करणे बरे नाही.

२५ मार्च, मंगळवार

फोन केला. लागला. नागसेनजी मंडपवाल्याशी बोलत होते. म्हणाले, सर, सगळ्यांना सांगितलं, मेहरे सर आपल्या समाजाचे नाहीत तरी आपल्यासाठी इतकं लिहितात, लोकं खूश आहेत. मी म्हटले, एक छोटी गोष्ट सांगायची होती. ते म्हणाले, स्टेजवरच सांगा ना सर, माइक तुमचाच आहे.

विचार केला तर हे योग्यच आहे. फोनवर एका माणसाला सांगण्यापेक्षा स्टेजवरून हजारोंना सांगितले तर देवमनजींना जास्त न्याय. म्हणजे सत्कार स्वीकारणे हा दुरुस्तीचाच मार्ग आहे.

रश्मीला हे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, शर्ट कोणता घालणार आहात?

३० मार्च, रविवार

पत्रिका आली. ‘सुप्रसिद्ध गीतकार प्रा. किशोर मेहरे.’ मी एक अट घातली होती, ती पाळली गेली: केशरबाईंचे नाव हवेच. आहे. खाली, ‘गायिका’ म्हणून. न्याय थोडाथोडा करूनच होतो.

एक पत्रिका फ्रिजवर लावली. पुरावा म्हणून.

निंभोऱ्याला जाऊन आमंत्रण दिले. पत्रिका दाखवली नाही. घडी करून खिशात ठेवली, कारण घामाने ओली झाली होती. तोंडी सांगितले, ‘‘देवमनजींच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, अकोल्यात, स्टेजवर.’’ यात खोटे काय आहे? गाणी देवमनजींचीच आहेत.

केशरबाई उठल्या. आत गेल्या, पांढरी साडी पेटीतून काढून उन्हात टाकली. मग पंजाबरावांना हाक मारून म्हणाल्या, ‘‘आयकलं का गा, बाबा अकोल्याले जाऊन राह्यला.’’

येताना एसटीत झोप लागली नाही.

५ एप्रिल, शनिवार

भाषण लिहिले. पहिले वाक्य: ‘ही गाणी माझी नाहीत.’ दुसरे: ‘ती निंभोऱ्याच्या देवमन तायडे यांची आहेत.’ मग केशरबाईंना स्टेजवर पुढे बोलावायचे. आरशासमोर म्हणून पाहिले. दुसरे वाक्य म्हणताना डोळे भरून येतात. भाषण प्रभावी होणार.

१५ एप्रिल, मंगळवार

परवा लिहिले नाही. काल सुट्टी होती, तरी लिहिले नाही. कोर्टात साक्ष देतो तसे क्रमाने लिहितो.

मंडप भरलेला. बायका पांढऱ्या साड्यांत, निळे झेंडे, लहान मुले पुढे सतरंजीवर. मला स्टेजवर बसवले. केशरबाई आणि पंजाबराव खाली पहिल्या रांगेत. नीलम त्यांच्याशेजारी.

आधी सत्कार. शाल, स्मृतिचिन्ह. मग माइक. मी म्हणालो, ‘‘ही गाणी माझी नाहीत.’’

टाळ्या. इतक्या टाळ्या की दुसरे वाक्य तोंडात राहिले. नागसेनजी उभे राहून माइकजवळ आले आणि म्हणाले, याले म्हणतात नम्रता. पुन्हा टाळ्या. मी वाट पाहिली. टाळ्या ओसरल्यावर सगळे इतक्या प्रेमाने बघत होते की पुढचे वाक्य म्हणणे मला अरसिकपणाचे वाटले. म्हणालो, ‘‘ही गाणी तुमची आहेत.’’ बसलो.

ठरवले की केशरबाईंचे गाणे झाले की उठून सांगायचे. तेव्हा ते जास्त उठून दिसेल.

केशरबाई स्टेजवर आल्या. पाटीचे गाणे. मंडप डोलत होता. मुखडा, पहिला अंतरा, दुसरा अंतरा. मग त्यांनी डावा हात कानाला लावला, उजवा वर केला आणि पंजाबरावांनी ठेका बदलला. शेवटचा अंतरा. मी तो आजवर ऐकलेला नव्हता.

देवमन म्हणे निंभोऱ्याचा, अक्षर नाही शिकलं

पुन्हा तीच ओळ. आणि पुन्हा. खाली कुजबुज झाली. नागसेनजी दुसरा माइक घेऊन पुढे आले, हसत, आदराने म्हणाले, ‘‘ताई, नाव चुकून राह्यलं. सरांचं नाव घ्या न, सर बसले हायेत इथं.’’

केशरबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

मला म्हणायचे होते, नागसेनजी, त्यांना अडवू नका. म्हणून मी हात वर केला. शप्पथ, याच अर्थाने केला. पण तो तोच हात होता. निंभोऱ्यात प्रत्येक गाण्याला वर केला तोच. केशरबाईंनी तो पाहिला आणि थांबल्या. ढोलकी थांबली. दुसरी ओळ राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठायला हवे होते. मांडीवर शाल होती, स्मृतिचिन्ह होते, ते खाली ठेवायला जागा नव्हती. हे कारण मी लिहितो आहे कारण तेव्हा ते मला खरेच कारण वाटले होते.

१६ एप्रिल, बुधवार

नीलमचा फोन. ती रागावली नाही, त्याने जास्त भीती वाटली. म्हणाली, सर, आजी फाट्यावर ऑटोतून उतरली आणि पुढे चालू लागली. घरी येऊन साडी घडी करून ठेवली. पंजाबरावकाका म्हणाले, केशर, चूक झाली असन सरची. आजी म्हणाली, चूक एक डाव होते गा, याहीनं दर गान्याले केली.

मी नीलमला म्हटले, मी सगळे व्हिडिओ काढून टाकतो. आत्ताच.

ती म्हणाली, म्हणजे आजीचा आवाजही काढून टाकता? बरं झालं. मग कोणी म्हणणार नाही की चुकलं होतं.

काढले नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार

नागसेनजींना फोन केला. या वेळी सगळे सांगितले. गाणी देवमन तायडे यांची, मी फक्त रेकॉर्डिंग केले, माझे नाव चुकीच्या जागी बसले. मोठा श्वास घेऊन थांबलो.

ते गहिवरले. म्हणाले, ‘‘सर, किती मोठं मन आहे तुमचं.’’

म्हटले, मोठेपणा नाही हो, हे खरे आहे. ते म्हणाले, खरं असन तं गाण्यात दाखवा. कोणत्याबी गाण्यात शेवटी देवमनचं नाव आयकू द्या, मी सोता मंडपात माइकवर सांगीन. आत्ता तं शेवटी तुमीच हाये.

बरोबर आहे. मीच आहे.

२० एप्रिल, रविवार

रेकॉर्डिंगमधून माझा आवाज कापून पाहिला. सॉफ्टवेअर सोपे आहे. पण आता गाणी मध्येच मरतात. ढोलकीचा ठेका बदलतो आणि काहीच नाही. आता ती गाणी खरोखर अनाथ झाली. माझे नाव होते तोवर निदान चुकीचा बाप होता.

देवमनजींची टीप मात्र लिहून टाकली. जन्मसाल: ‘मोठा पूर आला त्या साली.’ याला इतके दिवस का लागले?

कोणी टीप वाचत नाही. कमेंट आली: ‘सर, देवमन हे तुमचे टोपणनाव का?’

२७ एप्रिल, रविवार

निंभोऱ्याला जायचे होते. ऊन फार. रेडिओवर सांगत होते, कामाशिवाय बाहेर पडू नका. हे काम आहे का, यावर दुपारभर विचार केला. संध्याकाळी ठरले की आहे. तोवर एसटी गेली होती.

४ मे, रविवार

आज जाणारच होतो. रश्मीच्या आतेबहिणीकडचे लग्न निघाले, धामणगावला. तिथे वरातीत डीजे होता आणि डीजेवर पाटीचे गाणे. नवीन मुलाने गायलेले, ताल वाढवलेला. शेवटचा अंतराही होता. त्याने रचला असावा. त्यात नाव होते: ‘मेहरे सर सांगून गेले.’

लोक नाचत होते. रश्मीने माझ्याकडे पाहिले. मी जिलेबी ताटात परत ठेवली. ती म्हणाली, खाऊन घ्या, त्याने काय होणार आहे.

११ मे, रविवार

नीलमला विचारले, आजी भेटेल का. ती म्हणाली, आजी कुठं जाणार सर, तुम्हीच ठरवा. ठरवले. पुढच्या रविवारी. भाषण लिहिलेले नाही. लिहिले तर आरशासमोर म्हणेन.

१८ मे, रविवार. निंभोरा, मग अकोला

गेलो.

केशरबाई घराच्या माळवदावर कुरडया घालत होत्या. शिडीवरून वर गेलो. त्यांनी बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. सोऱ्या फिरवत राहिल्या. पांढरी वेटोळी साडीवर पडत होती. मी ओळखली. तीच साडी.

मी म्हटले, माझे चुकले. त्या म्हणाल्या, ‘‘हे तं मलेबी माहीत हाय. पुढचं सांगा.’’

पुढचे सांगितले. धामणगावचे लग्न, डीजे, ‘मेहरे सर सांगून गेले.’ त्या थांबल्या. मग एकदम हसल्या, खदाखदा, सोऱ्या हातातून सुटेपर्यंत. खाली पंजाबराव निंबाखाली बसले होते, त्यांना ओरडून सांगितले. तेही हसले. ‘‘घ्या सर, अमर झाले तुमी.’’

मी म्हटले, केशरबाई, शेवटचे अंतरे म्हणा, सगळे. मी मध्ये काही करणार नाही. जोडतो आणि पुन्हा चढवतो.

त्या म्हणाल्या, ‘‘आवाज म्या एक डाव देला. तुमी तोडला. आता तुमीच म्हना अन् तुमीच जोडा.’’

म्हटले, मला गाता येत नाही.

‘‘मले माहीत हाय,’’ केशरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी अंतरा सांगितला. गाऊन नाही, नुसता बोलून, जसे भाजीचे प्रमाण सांगतात. दुसरी ओळ मी आज पहिल्यांदा ऐकली.

देवमन म्हणे निंभोऱ्याचा, अक्षर नाही शिकलं
पोरीनं पाटीवर लिवलं नाव, म्या बोटानं गिरवलं

मी विचारले, ही पोरगी कोण? केशरबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की उत्तराची गरज उरली नाही. म्हणाल्या, ‘‘शायेत शिकवलं होतं, आधी बापाचं नाव लिवा. घरी येऊन लिवलं. बाबानं विचारलं, हे काय हाय वं. म्हटलं, तुमी हाय. मंग बसला बोट फिरवत. भाकर थंडी झाली.’’

माळवदावर गरम वारा होता. मी गायला लागलो.

पहिल्यांदा म्हटले तेव्हा पंजाबरावांनी खालून ढोलकी धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिली. म्हणाले, सरच्या मांगं ताल धराले हात दोन जास्त पाह्यजेत. पुन्हा म्हटले. पुन्हा. केशरबाई कुरडया घालता घालता ऐकत होत्या. मी सुराच्या मागे धावत होतो. त्या म्हणाल्या, ‘‘सूर जाऊ द्या खड्ड्यात. नाव साफ म्हना. दे-व-मन. तोंडात गुठका असल्यावानी नोका म्हनू.’’

म्हणत राहिलो. घसा बसला. त्यांनी तांब्या पुढे केला. पाणी प्यायलो, पुन्हा म्हटले.

मग एकदा जमले. सुरात नव्हते, पण नाव साफ आले. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले आणि अंतरा पूर्ण म्हटला, शेवटपर्यंत, हात खाली ठेवून. केशरबाईंनी सोऱ्या बाजूला ठेवला होता. डोळे मिटले होते. शेवटची ओळ संपली. ‘गिरवलं’ हा शब्द वाऱ्यात गेला. इतकी चांगली शांतता मी रेकॉर्ड केलेली नाही.

आणि त्या शांततेत माझ्या तोंडून निघाले:

‘‘संकलन, प्राध्यापक किशोर मेहरे, निंभोरा.’’

सवयीने. धीमा, भारदस्त आवाज.

पंजाबराव खाली मान घालून ढोलकीची दोरी बघत राहिले. केशरबाईंनी डोळे उघडले. रागावतील असे वाटले. रागावल्या नाहीत. सोऱ्या उचलला आणि म्हणाल्या, ‘‘उद्या या पुन्हा. कुरडया वाळंपर्यंत आमी इथंच हावो.’’

एसटीत ऐकले. अंतरा ठीक आहे. नाव साफ आहे. त्यानंतर मी आहे.

कापता येईल. सॉफ्टवेअर सोपे आहे. पण त्या उद्या या म्हणाल्या आहेत.

उद्या: निंभोऱ्याला जाऊन अंतरा पुन्हा म्हणणे, आणि तो संपला की तोंड बंद ठेवणे.